एक जनुक बिघडलं तर मरण, दुसरंही बिघडलं तर जीवदान

२०२३ च्या ऑक्टोबरात कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. आरएनएच्या एका घटकात छोटासा रासायनिक बदल केला की शरीर त्याला परका समजून भडकत नाही, हे त्यांनी दाखवलं आणि त्यातून पुढे कोविडच्या एमआरएनए लशी शक्य झाल्या, एवढं सगळ्यांच्या वाचनात आलं. पण हा बदल म्हणजे नेमकं काय? तो नसला तर काय बिघडतं? ही माणसाच्या डोक्यातून निघालेली युक्ती, की निसर्गात आधीपासून होती? हे प्रश्न मला अजूनही विचारले जातात, आणि दर वेळी मी लशीऐवजी पावापासून सुरुवात करते.

पाव फुगतो तो यीस्टमुळे. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ आंबवायचे, तिथेही काम यीस्टचंच. हा एका पेशीचा जीव आहे, डोळ्यांना न दिसणारा. या जिवात एक जनुक असं आहे की ते काढून टाकलं तर पेशी मरते. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. तेच जनुक अधू झालेल्या पेशीत आणखी एक, भलतंच जनुक मोडलं, तर मरायला टेकलेली पेशी पुन्हा वाढायला लागते. हे कसं घडतं ते कळलं की आरएनएवरचे बदल कशासाठी असतात तेही कळतं, आणि ‘अमक्या आजाराचं जनुक सापडलं’ अशा बातम्या जरा वेगळ्या नजरेने वाचल्या जातात.

मार्केट यार्डातले हमाल

पेशीत रात्रंदिवस प्रथिनं तयार होत असतात. कुठलं प्रथिन कसं बनवायचं याची कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते, आणि अशा एका कृतीला ढोबळमानाने जनुक म्हणायचं. मूळ बाड केंद्रकात सुरक्षित राहतं. कामापुरती नक्कल काढून बाहेर पाठवली जाते, तो संदेशवाहक आरएनए, म्हणजेच एमआरएनए. रायबोसोम नावाचं यंत्र ही नक्कल वाचतं आणि अमिनो आम्लं एकापुढे एक ओवत प्रथिनाची माळ तयार करतं.

ही अमिनो आम्लं यंत्रापाशी आणून कोण देतं? इथे येतो आपल्या गोष्टीचा नायक, टीआरएनए. मार्केट यार्डातला हमाल डोळ्यांसमोर आणा. इथला प्रत्येक हमाल एकाच प्रकारचा माल उचलतो: कांदेवाला कांदाच उचलणार, बटाट्याला हात लावणार नाही. टीआरएनएच्या एका टोकाला ठरलेलं अमिनो आम्ल लागलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला तीन अक्षरांची खूण असते. नक्कलेवरची तीन अक्षरं त्या खुणेशी जुळली की माल उतरवायचा आणि परत फिरायचं. यीस्टमध्ये या हमालांचे ४२ प्रकार आहेत आणि त्यांच्यासाठी मिळून २७५ जनुकं आहेत. इतक्या जास्तीच्या प्रती ठेवाव्यात इतकं हे काम अवजड आहे.

यांतल्या एका हमालाची ओळख नीट करून घेऊ. प्रत्येक प्रथिनाची माळ मेथिओनिन या अमिनो आम्लाने सुरू होते. माळेच्या मध्येही मेथिओनिन लागतं, पण त्यासाठी वेगळा हमाल आहे. पहिला मणी आणणारा एकच: आरंभक टीआरएनए. लग्नात बाकी सगळे हजर असले तरी मंगलाष्टकं सुरू करणारे भटजी आले नसतील तर सगळं खोळंबतं, तशी याची गत. तो कमी पडला की एक-दोन नव्हे, पेशीतली सगळीच प्रथिनं अडतात. यीस्टमध्ये त्याची फक्त चार जनुकं आहेत.

चार अक्षरांपलीकडचं लिखाण

आरएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो असं शाळेत शिकवतात: ए, यू, जी, सी. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळलं ते यीस्टमुळेच. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट हॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून १४० किलो यीस्टमधून जेमतेम १ ग्रॅम शुद्ध टीआरएनए वेगळा केला, ॲलानिन वाहणारा, आणि १९६५ मध्ये त्यातली अक्षरं ओळीने वाचून दाखवली. कुठल्याही आरएनएचं असं अखंड वाचन पहिल्यांदाच होत होतं. त्या सत्याहत्तर अक्षरांत अनेक अक्षरं चारांपैकी नव्हतीच. कुठे मूळ अक्षराला मिथाईल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांची चिमुकली जोडणी, चिकटवलेला होता. कुठे यू हे अक्षरच फिरवून बसवलेलं होतं. हॉलींना १९६८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर ते विभागून घेणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते, आणि खुरानांच्या गटाने १९७० मध्ये प्रयोगशाळेत जे पहिलं जनुक तुकडे जोडून उभं केलं, ते यीस्टच्या याच टीआरएनएचं.

ही जास्तीची सजावट डीएनएत लिहिलेली नसते. आरएनए तयार झाल्यावर खास विकरं, म्हणजे रासायनिक कामं करणारी प्रथिनं, येतात आणि ठरलेल्या जागी ठरलेला बदल करतात. हाच ‘आरएनएमधला बदल’. सगळ्या सजीवांत मिळून असे दीडशेहून अधिक प्रकार आजवर सापडले आहेत, आणि सर्वांत दाट सजावट असते ती टीआरएनएवर. कारिको आणि वाइसमन यांना वाट दाखवली तीही या सजावटीनेच. साधा, बदलविरहित आरएनए दिला की रोगप्रतिकारक पेशी भडकायच्या. सस्तन प्राण्यांच्या पेशींतला टीआरएनए दिला तर भडकत नव्हत्या. तेव्हा युक्ती निसर्गाची होती, आणि ती ओळखणं हे त्या दोघांचं मोठेपण.

या सजावटीला मी ‘टाका’ म्हणणार आहे. गोणीच्या तोंडाला सुतळीचा टाका घालतात तसा. आतला माल टाक्यामुळे बदलत नाही, पण घडी जागेवर राहते. टीआरएनए ही सरळ दोरी नसते. ती स्वतःभोवती दुमडून इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची होते, आणि ती घडी पक्की धरून ठेवायला पुष्कळ टाके मदत करतात.

उपासमारीच्या शोधात सापडलेलं जनुक

आता ते जीवघेणं जनुक. आजचं त्याचं नाव टीआरएम-६. टीआरएम-६१ हा त्याचा जोडीदार. दोघांची प्रथिनं मिळून एक विकर होतं. एक जण टीआरएनएला धरतो, दुसरा मिथाईल गट पुरवतो, आणि टीआरएनएच्या ५८ व्या जागेवरच्या ए या अक्षराला टाका पडतो. दोघांपैकी एकही नसेल तर यीस्ट जगत नाही.

हे जनुक सापडलं मात्र टाक्यांच्या शोधात नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले ॲलन हिन्नेबुश यीस्टच्या उपासमारीचा अभ्यास करत होते. अमिनो आम्लं कमी पडली की यीस्ट ‘जीसीएन-४’ नावाचं आणीबाणीचं प्रथिन बनवतं. काही बिघडलेली यीस्ट पोटभर खायला असतानाही आणीबाणी पुकारून बसायची. असं का, हे शोधताना जी जनुकं हाती लागली त्यांत हे एक होतं. सुरुवातीला असा अर्थ लावला गेला की त्याचं प्रथिन रायबोसोमला कामाला लावणाऱ्या एका मोठ्या संचाचा भाग असावं. १९९५ मध्ये तसं प्रसिद्धही झालं. तीन वर्षांत हिन्नेबुश आणि त्यांच्याकडचे जेम्स अँडरसन यांनीच वेगळं चित्र पुढे आणलं: हे प्रथिन केंद्रकात असतं, आणि ते नसेल तर टीआरएनएवरचा तो विशिष्ट टाका औषधालाही सापडत नाही. आपल्याच निष्कर्षाला असं सरळ ओलांडून जाणं मला या सगळ्या प्रकरणात फार मोलाचं वाटतं.

आणीबाणीचा उलगडाही झाला. आरंभक हमाल कमी पडले की पेशीला वाटतं, उपासमार आली.

टाका सगळ्यांचा गेला, कमी झाला एकच

इथे पहिलं कोडं येतं. ५८ व्या जागेवरचा टाका फक्त आरंभक टीआरएनएवर नसतो, इतर पुष्कळ टीआरएनएंवरही असतो. मग टीआरएम-६ गेलं की सगळेच कोलमडायला हवेत. तसं होत नाही. मेथिओनिन वाहणाऱ्या दुसऱ्या, मधल्या हमालाचाही टाका जातो, पण त्याच्या संख्येला धक्का लागत नाही. घटतो तो आरंभक.

१९९८ च्या त्या कामात एक प्रयोग होता, तो मला या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. टीआरएम-६ पूर्ण काढून टाकलेल्या यीस्टमध्ये आरंभक टीआरएनएच्या जनुकाच्या भरपूर जास्तीच्या प्रती घातल्या. टाका घालणारं कुणीच नव्हतं. तरी यीस्ट जगलं. म्हणजे टीआरएम-६ कितीतरी रेणूंना टाके घालत असलं, तरी पेशीचा जीव त्यावाचून अडतो तो एकाच कारणासाठी: आरंभक टीआरएनए पुरेसा उरावा म्हणून. तो दुसऱ्या मार्गाने पुरवा, आणि ‘अत्यावश्यक’ जनुक अत्यावश्यक राहत नाही.

आरंभकच इतका नाजूक का? ५८ व्या अक्षराच्या आजूबाजूला इतर टीआरएनएंमध्ये असणारी दोन अक्षरं त्याच्यात वेगळी आहेत, त्यामुळे त्या वळणावरची घडी निराळ्या तऱ्हेने बसते. ती धरून ठेवायला टाका लागतो.

दोन घाट आणि दोन जनुकं

पुढे जाण्याआधी एक कल्पना हवी. तिला जनुकीय परस्परक्रिया म्हणतात. शब्द जड आहे, मामला साधा आहे: दोन जनुकं वेगवेगळी मोडल्यावर जे होतं त्यावरून जो अंदाज बांधावा, त्यापेक्षा दोन्ही एकदम मोडल्यावर वेगळंच काही घडतं. अंदाजापेक्षा वाईट किंवा अंदाजापेक्षा बरं.

वाईटाचं उदाहरण पावसाळ्यातलं घ्या. महाडहून पुण्याला यायचं तर वरंध घाट आहे आणि माणगाववरून ताम्हिणी आहे. दरड कोसळून एक बंद झाला तर वळसा पडतो, पण माणूस पोचतो. दोन्ही बंद झाले की अडकला. जनुकांतही असंच होतं: एकेकटं गेलं तर चालतं, दोन्ही गेली तर पेशी मरते. थिओडोसियस डोबझान्स्की यांनी १९४६ मध्ये फळमाश्यांच्या अभ्यासात या प्रकाराला नाव दिलं, त्याला मराठीत ‘जोडमरण’ म्हणू या.

बऱ्याचं उदाहरण रस्त्यावर सापडत नाही, कारण दुसरी दरड पडल्याने पहिला रस्ता कधी मोकळा होत नाही. पेशीत मात्र होतो.

एक व्यावहारिक अडचण सांगायला हवी. जे जनुक काढलं की पेशी मरते, त्याची जोडी कुणाबरोबर लावून पाहणार? मेलेल्या पेशीला आणखी काय मारणार? त्यावर शास्त्रज्ञांनी जुना उपाय काढलेला आहे. जनुक पूर्ण न काढता त्याचं असं अधू रूप घ्यायचं, जे गारव्यात कसंबसं चालतं आणि तापमान वाढवलं की बंद पडतं. जुना फ्रिज हिवाळाभर धकतो आणि ऐन मे महिन्यात दगा देतो, तसं. टीआरएम-६ चं असं एक अधू रूप हाताशी होतं. खालच्या तापमानाला यीस्ट वाढायचं, वरच्या तापमानाला थांबायचं.

पेशीला मारलं कोणी?

आता गोष्ट २००४ पर्यंत येते. अँडरसन तोवर अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट (Marquette) विद्यापीठात आपली प्रयोगशाळा चालवत होते. १९९८ मध्येच एक गोष्ट कळली होती: आरंभक टीआरएनए तयार कमी होत नव्हता, तयार झाल्यावर नष्ट होत होता. मग नष्ट कोण करतं? हे शोधायला त्यांनी जनुकशास्त्रातली साधी रीत वापरली. अधू टीआरएम-६ असलेली अगणित यीस्ट घ्यायची, ती एरवी वाढत नाहीत त्या उष्णतेत ठेवायची, आणि त्यांतून कुठली तगतात ते पाहायचं. तगलेल्यांत टीआरएम-६ दुरुस्त झालेलं नसेल, तर दुसरंच काहीतरी बदललेलं असणार. ते काय, हे हुडकायचं.

तीन निराळी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बिघाड, हाती आली. त्यांतल्या दोघांची ओळख पटली ती अशी. एक जनुक आरआरपी-४४, आरएनए टोकाकडून कुरतडत जाणाऱ्या विकराचं. दुसरं टीआरएफ-४, आरएनएच्या टोकाला ए या अक्षरांची शेपूट लावणाऱ्या विकराचं. ही जनुकं बिघडली की आरंभक टीआरएनएचं प्रमाण जवळजवळ पूर्ववत होत होतं. आणि त्या हमालांना टाका घातलेला नव्हता. तरीही ते कामाचे होते, प्रथिनं बनत होती, यीस्ट वाढत होतं.

तांदळाच्या किंवा सिमेंटच्या गोणीची शिवण आठवा. नेमकं टोक सापडलं आणि ओढलं की सगळी शिवण सर्रकन उसवते. टोक नाही सापडलं तर नखं दुखेपर्यंत झटलं तरी सुटत नाही. टीआरएफ-४ चं काम म्हणजे घडी सैल दिसलेल्या रेणूला पकडायला सोपं असं टोक जोडून देणं. आरआरपी-४४ ते टोक धरून ओढतं, आणि रेणू संपतो. केंद्रकात सतत चालणारा हा पहारा आहे. ५८ वर टाका नसलेला आरंभक टीआरएनए पहाऱ्याला सदोष माल वाटतो.

पडताळा उलट बाजूनेही घेतला गेला. पेशीत टीआरएफ-४ जास्त प्रमाणात बनवलं, तर टाका नसलेला टीआरएनए आणखी वेगाने नाहीसा होऊ लागला.

म्हणजे त्या अधू यीस्टमध्ये टाका नसणं हे मरणाचं थेट कारण नव्हतं. टाका नसलेला माल वापरण्याजोगा होता. पेशीचा स्वतःचाच पहारेकरी तो उसवून टाकत होता, आणि त्या उसवण्याने पेशी मरत होती. टीआरएम-६ एकट्याकडे कितीही वर्षं टक लावून बसलं असतं, तरी हे दिसलं नसतं. ते दिसलं दुसरं जनुक मोडल्यावर.

असा पहारेकरी हवा तरी कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. उपयोगी माल फेकून पेशीचा जीव घेणारी व्यवस्था उत्क्रांतीत टिकली कशी?

एक तर निरोगी पेशीत टाका पडतोच, त्यामुळे पहारा आरंभक टीआरएनएला हात लावत नाही. ही दुर्घटना प्रयोगशाळेतल्या बिघडवलेल्या पेशीतली आहे. दुसरं, या पहाऱ्याची नजर फक्त टीआरएनएवर नसते. २००५ मध्ये काही गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं की टीआरएफ-४ दोन साथीदारांसह काम करतं, आणि यीस्टच्या डीएनएवरून सारख्या निघत असलेल्या कितीतरी निरर्थक नकला हे त्रिकूट पकडून नष्ट करतं. त्या नकला तोवर कुणाला दिसल्याच नव्हत्या, कारण झाडू इतका तत्पर होता. टीआरएफ-४ नसलेलं यीस्ट जगतं, पण थंडीत त्याची वाढ खुंटते. आणि टीआरएफ-४ चं एक भावंड आहे, टीआरएफ-५. दोन्ही एकदम काढली की यीस्ट मरतं.

पाहा, हे वरंध आणि ताम्हिणीचं उदाहरण झालं. तेच टीआरएफ-४ एका जोडीत मोडलं की जीव वाचतो आणि दुसऱ्या जोडीत मोडलं की जीव जातो. ‘हे जनुक चांगलं की वाईट’ या प्रश्नाला इथे अर्थच उरत नाही. विचारायचं ते एवढंच की शेजारी कोण आहे.

एका जोडीवरून एवढं कसं बोलावं?

बोलू नये, म्हणून आणखी दोन गोष्टी.

पहिली टाक्यांचीच. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात एरिक फिझिकी यांच्या गटाने २००६ मध्ये दोन वेगळे टाके घालणारी जनुकं घेतली, टीआरएम-८ आणि टीआरएम-४. दोन्ही अत्यावश्यक नाहीत. एकेकटं काढलं तर यीस्टला फारसं काही होत नाही. दोन्ही काढली आणि तापमान ३७ अंशांवर नेलं, की व्हॅलिन वाहणारा एक विशिष्ट टीआरएनए झपाट्याने नाहीसा होतो आणि वाढ थांबते. एक टाका सुटला तर दुसरा घडी सांभाळतो, दोन्ही सुटले की पहारा येतो. हा पहारा मात्र वेगळा निघाला. तो रेणूच्या दुसऱ्या टोकाकडून कुरतडतो आणि पूर्ण तयार झालेल्या टीआरएनएलाही सोडत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुकं, त्यांतली हजाराच्या आसपास अत्यावश्यक. टोरोंटोच्या चार्ल्स बून आणि ब्रेंडा अँड्र्यूज यांनी यंत्रमानवांच्या मदतीने जनुकांच्या जोड्या एकेक करून मोडायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २ कोटी ३० लाखांहून अधिक दुहेरी बिघाडांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात अंदाजापेक्षा वाईट निघालेल्या जोड्या सुमारे साडेपाच लाख, अंदाजापेक्षा बऱ्या निघालेल्या सुमारे साडेतीन लाख. नकाशात सर्वांत जास्त धागे येऊन मिळतात ते अत्यावश्यक जनुकांपाशी. गावातल्या चावडीसारखी ती असतात, प्रत्येक वाट तिथून जाते.

यीस्टचं ठीक आहे, माणसाचं काय?

माणूस म्हणजे मोठं यीस्ट नव्हे, हे आधी मान्य करू. पण टाका घालणारं हेच जोडविकर माणसातही आहे, त्याच दोन भागांचं, त्याच ५८ व्या जागेवर काम करणारं. आरआरपी-४४ चं मानवी रूप आहे डीआयएस-३, आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत ते बिघडलेलं आढळतं. वर ज्याचा उल्लेख केला त्या टीआरएम-४ चा मानवी भाईबंद आहे एनसन-२. ते दोन्ही पालकांकडून बिघडलेलं आलं तर मुलाचा बौद्धिक विकास अडतो. टीआरएनएवरचा एक टाका आणि मुलाचं शिकणं-बोलणं यांत असा थेट धागा असावा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

जोडमरणाचा उपयोग तर दवाखान्यापर्यंत पोचलेला आहे. १९९७ मध्ये यीस्टवर आयुष्य घालवलेले लेलंड हार्टवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं की कर्करोगाच्या पेशीत एक जनुक आधीच मोडलेलं असतं, तर त्याची जोडीदार शोधा आणि औषधाने ती बंद करा. निरोगी पेशीला एक घाट उरेल, कर्करोगाच्या पेशीला एकही उरणार नाही. डीएनएच्या दुरुस्तीला लागणारी बीआरसीए जनुकं बिघडलेल्या गाठींवर, दुरुस्तीतच काम करणारं पार्प नावाचं विकर अडवणारी औषधं नेमकी असा घाव घालतात. २००५ मध्ये दोन गटांनी ते पेशींवर दाखवलं आणि २०१४ च्या डिसेंबरात अशा पहिल्या औषधाला, ओलापॅरिबला, अमेरिकेत मान्यता मिळाली. आता ते आपल्याकडेही वापरात आहे.

मग पहारेकऱ्याला गप्प करून टाक्यांच्या आजारातली मुलं बरी करता येतील का? हा प्रश्न साहजिक आहे, विशेषतः ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना. खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. पहाऱ्यावर शेकडो इतर कामं अवलंबून आहेत, ते आपण टीआरएफ-४ आणि टीआरएफ-५ च्या जोडीत पाहिलं. शिवाय प्रत्येक आजारात टीआरएनए उसवला जातो म्हणूनच नुकसान होतं असं नाही. कधी रेणू टिकून असतो, पण टाक्यावाचून वाचन चुकवतो. तेव्हा आधी दर आजारात ‘मारलं कोणी’ हे नेमकं ठरवावं लागेल. यीस्टने त्याची रीत दाखवून दिली आहे, उपचार अजून दूर आहेत.

तेच जनुक, दुसरं यीस्ट

टीआरएम-६ ची चौकशी २००४ ला संपली असं वाटलं होतं. ती संपली नाही. फिझिकी यांच्या गटाने २०२२ मध्ये वेगळ्याच यीस्टमध्ये हे जनुक काढून पाहिलं. त्याचं नाव शिझोसॅकॅरोमायसिस पोंबे. पूर्व आफ्रिकेतल्या बाजरीसारख्या धान्याच्या बिअरमध्ये ते सापडलं होतं आणि ‘पोंबे’ हा तिथल्या स्वाहिली भाषेतला बिअरचा शब्द. पावाच्या यीस्टपासून त्याचं घराणं कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळं झालेलं आहे.

या यीस्टमध्ये टीआरएम-६ पूर्ण काढून टाकलं तरी ते जगतं. फक्त उष्णता वाढवली की अडतं. एका यीस्टमध्ये ज्यावाचून जीव जातो, तेच जनुक दुसऱ्यात जिवावर बेतत नाही. अडण्याचं कारण मात्र तेच निघालं, आरंभक टीआरएनए कमी पडणं, आणि तो जास्त पुरवला की वाढ परत येत होती. पण टीआरएफ-४ चं तिथलं रूप काढून काही उपयोग झाला नाही. वाचवणारे बिघाड सापडले ते दुसऱ्या पहाऱ्यात, त्या दुसऱ्या टोकाकडून कुरतडणाऱ्यात.

मग त्यांनी मागे वळून पावाच्या यीस्टमधली अधू टीआरएम-६ ची जुनी चौकशी पुन्हा उघडली, आणि तिथेही हा दुसरा पहारा मोठा वाटा उचलताना सापडला. १८ वर्षं तो पहिल्याच्या आड उभा होता.